बिस्किटांच्या डब्यातला तारा

शेजारच्या आजींनी पत्र्याचा डबा उघडला तेव्हा वर सगळी बटणं होती. शिंपल्याची, लाकडाची, कोटाची मोठाली. आमच्या घरी अशी बटणं डालड्याच्या डब्यात असायची, त्यांच्याकडे बिस्किटांच्या. आजींनी बोटांनी बटणं बाजूला सारली, तळातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "ही तुझ्या देशातली आहे," म्हणाल्या.

सहा टोकांचा तारा. काळपट, ब्राँझचा, जुन्या रुपयाहून थोडा मोठा. मधोमध चांदीचा एक लहान तारा बसवलेला आणि त्यावर गोलाकार अक्षरं, हात फिरून फिरून पुसट झालेली. चष्मा कपाळावर सरकवून मी वाचलं. महाराजपूर, 1843. आत तारीख, 29 डिसेंबर. मागे कोटाला अडकवायचा आकडा, आणि त्यांच्या खापरपणजोबांचं नाव नि पलटण. चाळिसावी.

"कशाचा केलाय माहीत आहे?"

मी म्हटलं, ब्राँझचा.

"तोफांचा. जिंकलेल्या तोफा वितळवून केलेत हे तारे." तोफा कुणाच्या, ते त्यांना ठाऊक नव्हतं. कुठल्यातरी राजाच्या, एवढंच घरात सांगत आले होते. मला ठाऊक होतं. शिंद्यांच्या.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. शिंद्यांचं मूळचं कण्हेरखेड त्याच तालुक्यातलं. लहानपणी एसटी त्या फाट्यावर थांबली की कुणीतरी हमखास सांगायचं, "ग्वाल्हेरचे राजे इथले बरं का." त्या राजांच्या तोफेचा एक तुकडा मला भेटला तो न्यूझीलंडात, ऑकलंडच्या पूर्व टोकाला, हॉविकमध्ये, बटणांच्या खाली. काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, "जड आहे." त्या म्हणाल्या, "हो ना."

महाराजपूरची लढाई आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून थोडं मागे जाते. 1843च्या फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे वारले. मूल नव्हतं. त्यांची विधवा ताराबाई स्वतःच तेरा-एक वर्षांची, आणि तिच्या मांडीवर दत्तक दिलेला मुलगा आठ-नऊ वर्षांचा, तेच पुढचे जयाजीराव. कारभार कुणी बघायचा यावरून मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांच्यात ओढाताण. गव्हर्नर जनरल एलेनबरोला हे निमित्त पुरलं. 29 डिसेंबरला एकाच दिवशी ग्वाल्हेरजवळ दोन लढाया झाल्या, महाराजपूरला आणि पनियारला. महाराजपूरला इंग्रज सेनापती ह्यू गफची फौज जवळजवळ बेसावध असताना शिंद्यांच्या तोफांच्या तोंडी सापडली आणि त्या एका दिवसात त्यांची आठशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफेपाशीच कापले गेले, असं जिंकणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. (या गोलंदाजांत मराठी किती होते म्हणाल तर फार नसावेत. तोवर शिंद्यांच्या पलटणीत पुरबिये, म्हणजे अवध-बिहारकडचे शिपाई, भरलेले होते. उगाच छाती फुगवायला नको.)

आणखी एक गोष्ट मला राहवत नाही म्हणून. त्या दिवशी मोठ्या साहेबांच्या बायका हत्तींवर बसून फौजेबरोबर होत्या आणि तोफगोळ्यांच्या टप्प्यात आल्या. त्यांनाही नंतर खास तारे दिले गेले. त्यात एक हुआना स्मिथ. पुढे तिचा नवरा दक्षिण आफ्रिकेत गव्हर्नर झाला आणि तिच्या नावानं तिथे गाव वसलं, लेडीस्मिथ. साहेबाची बायको नुसती हत्तीवर बसली तरी नकाशावर जाते. शिपायाच्या बायकोची गोष्ट मात्र बटणांच्या डब्याशेजारी बसून ऐकावी लागते. ती मी ऐकली.

आजींच्या घरात खापरपणजोबांबद्दल चार वाक्यं उरलीत आणि खापरपणजीबद्दल चाळीस. तो आयर्लंडचा. दुष्काळी घरातला, पोटासाठी भरती झालेला. चाळिसावी पलटण 1829पासून मुंबई इलाख्यात होती. 1839मध्ये तिनं कराची घेतली, मग कंदाहार, मग 1842मध्ये जनरल नॉटबरोबर गझनी आणि काबूल. गझनीच्या महमूदाच्या कबरीचे दरवाजे 'सोमनाथाचे' म्हणून उपटून आग्र्याला आणले ते याच फौजेनं. ते सोमनाथाचे नव्हतेच हे नंतर कळलं. तोवर बैलांनी ते ओढत आणले होते. आजही ते आग्र्याच्या किल्ल्यात पडून आहेत. खापरपणजोबा त्या बैलांच्या मागून चालले असतील. मग महाराजपूर. 1845मध्ये पलटण मायदेशी परतली.

आणि ती? तिचा पहिला नवरा वेगळा होता, तोही शिपाई. त्या काळी पलटण परदेशी निघाली की सगळ्या बायकांना जाता यायचं नाही. शंभर शिपायांमागे ठरावीक बायका, बाकीच्या मागे. कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरे. बंदरावर, मुलं कडेवर, एकेकीनं टोपीत हात घालायचा. 'जायचं' निघालं तर जहाज, 'नाही जायचं' निघालं तर धर्मशाळा किंवा रस्ता, कारण मागे राहिलेलीला सरकार काही देत नसे. हिची चिठ्ठी 'जायचं' निघाली. ती हिंदुस्थानात आली, नवरा तापानं गेला, विधवेचा शिधा काही महिन्यांपुरताच असायचा, आणि तो संपायच्या आत तिनं दुसरं लग्न केलं, या आजींच्या खापरपणजोबांशी. तेव्हा सगळ्याच जणी तसं करत. आमच्याकडे पाट लावणं म्हणतात. मी हे सांगितल्यावर आजींना तो शब्द फार आवडला. 'पॅट', 'पॅट' करत बसल्या.

तिनं हिंदुस्थानातून एक शब्दही आणला होता. आजींचे आजोबा शाळेला उशीर झाला की पोरांवर ओरडत, "जिल्दी, जिल्दी!" आजींना पन्नाशीपर्यंत वाटत होतं हा आयरिश शब्द आहे.

आता हॉविक. 1845च्या मार्चमध्ये न्यूझीलंडच्या उत्तरेला होने हेके या माओरी सरदारानं आणि त्याच्या साथीदारांनी कोरोरारेका हे गाव उद्ध्वस्त केलं. ऑकलंड तेव्हा राजधानी, आणि गोरी वस्ती बेचक्यात सापडल्यासारखी घाबरलेली. गव्हर्नर जॉर्ज ग्रेला फौज हवी होती, लंडनला ती फुकटात हवी होती. त्यातून तोडगा निघाला तो फेन्सिबल पलटणीचा. निवृत्त शिपाई घ्यायचे, वय अठ्ठेचाळीसच्या आतलं, पंधरा वर्षं तरी नोकरी झालेले, पेन्शन चालू असलेले. बायकामुलांसकट फुकट प्रवास. तिकडे दोन खोल्यांचं घर आणि एक एकर जमीन. बदल्यात सात वर्षं बांधिलकी, वर्षातून बारा दिवस कवायत, दर रविवारी हत्यारासह चर्चला हजेरी, आणि गरज पडली तर लढायचं. सात वर्षं पुरी झाली की घर नि जमीन तुझी.

'बायकामुलांसकट'. या एका शब्दावर आजी थांबतात. चिठ्ठी नाही, टोपी नाही. त्यांच्या मते खापरपणजोबानं काही ठरवलंच नाही, जाहिरात ऐकून तीच सामान बांधायला लागली. साल होतं 1847. आयर्लंडात बटाटा सडून तिसरं वर्ष, आणि लोक त्या सालाला आजही काळं सत्तेचाळीस म्हणतात. दोन खोल्या, एक एकर. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आमच्या गावच्या बायांना कुणी असं काही देऊ केलं असतं तर किती जणींनी कुठे, कुणाची, असं विचारलं असतं?

1847 ते 1852 या काळात दहा जहाजांतून 721 फेन्सिबल आले, घरच्यांसह अडीच हजारांच्या आसपास माणसं. पहिलं जहाज रॅमिलिस 1847च्या ऑगस्टमध्ये ऑकलंडला लागलं. ऑकलंडभोवती कमान केल्यासारखी चार गावं वसवली: ओनेहंगा, ओटाहुहू, पॅनम्युर आणि सगळ्यात लांबचं हॉविक. हॉविकला आलेले बहुतेक जण मिनर्व्हा आणि सर रॉबर्ट सेल या जहाजांतले. सेल म्हणजे जलालाबाद लढवणारा जनरल, 1845मध्ये मुदकीला शिखांशी लढताना मेला. अफगाण मोहिमेवरून आलेली माणसं अफगाण मोहिमेच्या जनरलच्या नावाच्या जहाजात बसली. चार महिने समुद्र. उतरल्यावर कळलं, घरं बांधूनच झालेली नाहीत.

सुरुवातीला राहिले ते राउपोच्या झोपड्यांत. राउपो म्हणजे आपलं पाणकणीस. पाणथळीतलं ते लांब पात्यांचं गवत कसं बांधायचं, भिंतीला कसं विणायचं, ही माओरी लोकांची विद्या. ज्यांच्यापासून ऑकलंडचं रक्षण करायला हे आले, त्यांच्याच पद्धतीच्या झोपडीत पहिल्या रात्री झोपले. बटाटे, डुकराचं मांस, पीच, मासे, ऑकलंडच्या बाजारात सगळं माओरी होड्यांतूनच यायचं. लढाईचं नावही नव्हतं. काम मिळालं ते रस्ते बांधायचं, झाडं तोडायचं, खंदक खणायचं. हॉविकहून ऑकलंड लांब, मध्ये टामाकी नदी, तेव्हा रोजंदारीला गेलेला माणूस आठवड्यानं घरी यायचा. एका एकरात कुटुंबाचं पोट भरत नाही हे कुणाही शेतकऱ्यानं सांगितलं असतं. विचारलं कुणी? मग 1848मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, 1851मध्ये ऑस्ट्रेलियात, आणि काही जण सात वर्षं पुरी होण्याआधीच पळाले. आजींच्यातले गेले नाहीत. "तिनं जाऊ दिलं नसणार," आजी म्हणतात. "ती एकदा बसली ती बसली."

जुनी फेन्सिबल घरं जपून, काही उचलून आणून, पाकुरंगाच्या बागेत एक ऐतिहासिक गाव उभं केलंय. 1980पासून चालू आहे. भारतातून कुणी आलं की मी त्यांना तिथे नेते, विशेषतः जोडघर बघायला. एका छपराखाली दोन कुटुंबं, मध्ये एकच भिंत आणि त्या भिंतीत पाठीला पाठ लावून दोन चुली, धुराडं एक. पलीकडच्या घरात भाजी करपली की अलीकडे कळणार. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चुलीवर लोखंडी भांडं टांगलेलं होतं आणि जुन्या वेशातली एक बाई पाव भाजत होती. खोलीची रुंदी मी पावलांनी मोजली. आमच्या गावच्या घराची सोप्याची खोली बरोबर तेवढीच. तीत आम्ही आठ जण झोपायचो. त्यामुळे मला काही वाईट वाटलं नाही. माझ्या मुलीला वाटलं.

आता जमिनीचं. मराठी माणूस जमिनीवर आला की सातबारा बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

1836मध्ये फेअरबर्न नावाच्या मिशनऱ्यानं टामाकी नदीच्या पूर्वेचा मोठा मुलूख माओरी जमातींकडून 'विकत' घेतला. ब्लँकेटं, कुऱ्हाडी, कुदळी, तंबाखू आणि थोडे रोख पैसे. तो म्हणायचा, भांडणाऱ्या जमातींमध्ये शांतता व्हावी म्हणून घेतला. एक तृतीयांश जमीन मूळ लोकांना परत देईन असंही त्यानं कबूल केलं. 1840मध्ये इंग्रज सरकार आणि माओरी सरदारांत वाईतांगीचा करार झाला, सरकारनं जुने व्यवहार तपासले, मोजणी केली. मुलूख निघाला 80,000 एकरांहून जास्त. मिशनऱ्याला एवढी जमीन कशाला, म्हणून त्यातली काही हजार एकर त्याच्याकडे ठेवली. उरलेली ज्यांची होती त्यांना जावी ना? ती सरकारनं 'जादा' म्हणून स्वतःकडे ठेवली. हॉविक त्या मुलुखात येतं. आजींच्या खापरपणजीचा एकर त्यातला, आणि ज्या तुकड्यावर आमचं घर आहे, तीस वर्षांच्या बँकेच्या हप्त्यावर, तो तुकडाही त्यातलाच.

त्या जमिनीच्या मूळ लोकांत एक जमात आहे, ङाई ताई. बाराखडी शिकताना 'क ख ग घ ङ' घोकलं तेव्हा बाईंना मी विचारलं होतं, ङ कशाचा? बाई म्हणाल्या, कशाचाच नाही, नुसता लिहायचा. चाळीस वर्षांनी ङपासून सुरू होणारी माणसं भेटली. त्यांच्याशी सरकारचा तडजोडीचा करार 2015मध्ये झाला, 2018मध्ये कायदा. सरकारनं माफी मागितली, थोडी जमीन, थोडे पैसे परत केले. हॉविकच्या घरांना हात लावला नाही. खासगी मालकीची जमीन अशा तडजोडीत परत घेत नाहीत. हे वाचलं त्या संध्याकाळी आम्ही दोघं घरात जरा हळू बोलत होतो. सुटकेसारखंही काही वाटलं. ते लपवत नाही.

लढाई शेवटी आली, पण ती फेन्सिबलांची नव्हती. ते म्हातारे झाले होते. 1863च्या जुलैमध्ये, गव्हर्नर पुन्हा तोच ग्रे, इंग्रज फौज दक्षिणेच्या माओरी मुलुखात, वायकाटोत, घुसली. त्या साली हॉविकच्या टेकडीवर लाकडी मेढेकोट उभारला, म्हणून तिचं नाव स्टॉकेड हिल. मागाहून वायकाटोची 12 लाख एकर जमीन जप्त झाली आणि लष्करी वसाहतकरी म्हणून नव्यानं भरती केलेल्या साध्या शिपायाला तिच्यातून 50 एकर मिळाले. एक एकराचे पन्नास झाले. पद्धत तीच. त्याच काळात 'बॉम्बे' नावाच्या जहाजातून माणसं आली, त्यांचं ऑकलंडच्या दक्षिणेला गाव झालं, बॉम्बे. गाडीनं तिथून जाताना आमच्या घरात अजून कुणीतरी "आली मुंबई" म्हणतंच.

आजींना मी तोफांबद्दल सगळं सांगितलं, तेरा वर्षांच्या ताराबाईसकट. त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, "मग हा तुम्हाला परत द्यायला हवा का?" खरंच विचारत होत्या. मी म्हटलं, मी शिंदे नाही. आणि शिंद्यांकडे काही कमी नाही. त्या हसल्या, पण तारा लगेच डब्यात ठेवला नाही. टेबलावरच होता, साखरेच्या भांड्याजवळ, चहा होईपर्यंत. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात कुणी शिपाई?"

साताऱ्याकडच्या माणसाला हा प्रश्न म्हणजे, तुमच्या घरात कुणी जेवतं का. पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. घरात 'बसऱ्याची लढाई' म्हणतात, मेसोपोटेमिया वगैरे कुणी म्हणत नाही. परत आले, पेन्शन घेतली, एकर सोडा, गुंठाही मिळाला नाही. वडिलोपार्जित कोरडवाहूवरच बसले, आणि तिथून हललं ते त्यांची पणती, विमानानं, बायोडेटा घेऊन. त्यांचा एक चांदीचा बिल्ला होता हे ऐकून होते. पाहिला कधीच नव्हता.

रात्री आईला फोन लावला. तिकडे दुपार, पाठीमागे कुकरची शिट्टी.

"बिल्ला? तो कुठला आता. तो मोडला की आत्यासासूबाईंनी... नाही, तुझ्या आजीनंच. बहात्तर साली."

"विकला?"

"विकतीया कशाला. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोड्यावर नागडा बाप्या. त्यांना तो देव्हाऱ्यापाशी ठेवायची लाज वाटायची, आणि फेकवतही नव्हता. त्या साली तू झालीस. घरात दाणा नव्हता, पण पहिली नात, पाय मोकळे कसे ठेवायचे? सोनाराला म्हणाल्या, याचे वाळे कर. तो म्हणाला चांदी चांगली आहे विलायतेची."

"मग ते वाळे?"

"तुझ्या पायात होते की वर्षभर. रांगत गेलीस की वाजायचे, कुठं गेलीस ते कळायचं. मग तुझ्या भावाला घातले, मग चुलत्याच्या पोरीला. मग कुणाला दिले आठवत नाही. थांब, कुकर बंद करते."

मी फोन धरून थांबले. खिडकीतून आजींच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता.